पर्सी स्पेन्सर : ठिणगीचा अर्थ लावणारा माणूस

रेणापूर : मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये वाटी ठेवावी, बटण दाबावे आणि दुसऱ्याच क्षणी आत निळसर-पिवळ्या ठिणग्या तडतडू लागाव्यात, हा अनुभव आता केवळ महानगरांपुरता राहिलेला नाही. लातूर आणि नांदेडच्या सदनिकांतून हे यंत्र रेणुकादेवीच्या मंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावातील स्वयंपाकघरांपर्यंत पोचले आहे. ठिणगी दिसली की माणसे सहसा दोनपैकी एका मार्गाने जातात. काही जण घाबरून प्लग काढतात आणि यंत्र कायमचे झाकून ठेवतात. काही जण तिकडे काणाडोळा करतात आणि आतला पत्रा जळाल्यावर दुरुस्ती करणाऱ्याचा शोध घेतात. ठिणगी नेमकी का उडाली, असा प्रश्न स्वतःला विचारणारा माणूस विरळाच.

ज्यांच्यामुळे हा ओव्हन जगाला मिळाला, ते अमेरिकेतील पर्सी लबॅरन स्पेन्सर हे अशा विरळा माणसांपैकी होते. प्राथमिक शाळाही त्यांना पूर्ण करता आली नव्हती. दहावी-बारावीच्या टक्केवारीचा 'लातूर पॅटर्न' ज्या भूमीने महाराष्ट्राला दिला, त्या भूमीतील वाचकांना या माणसाचे चरित्र विचार करायला लावणारे आहे. गुणपत्रिका नावाची वस्तू आयुष्यात जवळजवळ न पाहिलेला हा मुलगा पुढे विसाव्या शतकातील अग्रगण्य इलेक्ट्रॉनिक्स तज्ज्ञांत गणला गेला. त्यामागे होती ती एकच सवय. यंत्रात काही वेगळे घडले की तेथेच थांबायचे आणि त्याचे कारण शोधायचे.

रिळांच्या गिरणीतील बालपण

पर्सीचा जन्म जुलै १८९४ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडील मेन राज्यात, हाउलंड या लहानशा गावी झाला. तो दीड वर्षाचा असतानाच वडील वारले. आईने त्याला नातेवाइकांकडे सोपविले आणि ती निघून गेली. काका-काकूंनी त्याचा सांभाळ केला. परंतु तो सात वर्षांचा असताना काकाही गेले. घर चालविण्याची जबाबदारी कोवळ्या वयात अंगावर आली आणि शाळा सुटली. बाराव्या वर्षी तो लाकडी रिळे बनविणाऱ्या गिरणीत कामाला लागला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, असा त्याचा दिवस असे.

त्या भागात तेव्हा वीज पोचलेली नव्हती. पर्सी सोळा वर्षांचा असताना परिसरातील एका कागद गिरणीने विजेचा वापर सुरू करण्याचे ठरविले. विजेचे काम जाणणारा माणूस आसपास क्वचितच सापडत असे. पर्सीने मिळेल तेथून माहिती गोळा केली आणि कामासाठी अर्ज केला. वीज जोडणीसाठी घेतलेल्या तिघांमध्ये त्याची निवड झाली. कोणतेही औपचारिक प्रशिक्षण नसताना, हाताने काम करीत आणि चुका समजून घेत तो वीजतंत्री झाला. तारेचा सांधा ढिला असेल तर तेथे ठिणगी पडते, ठिणगी पडते तेथे तार काळी पडते आणि काळी पडलेली तार पुढच्या बिघाडाला निमंत्रण देते, हे त्या व्यवसायातले पहिले पाठ होत. ते पाठ त्याला जन्मभर पुरले.

टायटॅनिकची बातमी आणि बिनतारी यंत्रे

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक हे महाकाय जहाज अटलांटिक महासागरात बुडाले. दीड हजारांवर प्रवासी आणि कर्मचारी मृत्युमुखी पडले. मात्र जहाजावरील बिनतारी यंत्रचालकांनी शेवटपर्यंत संदेश पाठविल्यामुळे कार्पेथिया हे जहाज मदतीला धावले आणि सुमारे सातशे जणांचे प्राण वाचले. या घटनेने पर्सी भारावून गेला. बिनतारी विद्या शिकायचीच, या ध्यासाने अठराव्या वर्षी तो अमेरिकी नौदलात भरती झाला.

नौदलात त्याने पुस्तके मिळविली आणि रात्रीच्या पहाऱ्यावर उभा असताना स्वतःच अभ्यास सुरू केला. त्रिकोणमिती, कलनशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि धातुशास्त्र हे सर्व विषय त्याने अशाच रीतीने आत्मसात केले. शिक्षक नव्हता, वर्ग नव्हता आणि परीक्षाही नव्हती.

येथे एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. त्या काळातील बहुतेक बिनतारी यंत्रे ठिणगीवरच चालत असत. दोन धातूंच्या टोकांमधील फटीत उच्च दाबाची ठिणगी पाडली की तिच्यातून विद्युत-चुंबकीय लहरी बाहेर पडतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिश हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले होते. टायटॅनिकवरून गेलेला मदतीचा संदेशही अशाच ठिणग्यांतून जन्मला होता. हर्ट्झ यांच्या पाठोपाठ ठिणगीचा अत्यंत सूक्ष्म उपयोग केला तो भारतीय शास्त्रज्ञाने. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी केवळ काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि त्यांच्या साहाय्याने दूर अंतरावरील घंटा वाजवून दाखविली. आज ज्यांना सूक्ष्मलहरी, म्हणजेच मायक्रोवेव्ह म्हणतात, त्यांच्या अभ्यासाचा एक आरंभबिंदू असा भारतात आहे. ठिणगीतून लहरी निर्माण होतात. तशीच लहरींतूनही ठिणगी निर्माण होऊ शकते. ओव्हनमधील बिघाडाचे मूळ याच उलट्या प्रवासात आहे.

युद्ध, रडार आणि मॅग्नेट्रॉन

नौदलातून बाहेर पडल्यावर स्पेन्सर यांनी बोस्टनमधील बिनतारी उपकरणे बनविणाऱ्या कंपनीत काम केले. पुढे १९२० च्या दशकात ते केंब्रिज शहरातील एका नव्या कंपनीत रुजू झाले. १९२२ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी १९२५ पासून रेथिऑन या नावाने ओळखली जाऊ लागली. रेडिओच्या निर्वात नळ्या हे तिचे मुख्य उत्पादन होते. नळीत काय घडते आहे, हे समोर पाहून ओळखण्याची विलक्षण हातोटी स्पेन्सर यांच्याकडे होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस या क्षेत्रातील जगातील निष्णात तज्ज्ञांत त्यांची गणना होऊ लागली. कंपनीच्या शक्तिशाली नळ्यांच्या विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

फेब्रुवारी १९४० मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन तयार केला. तांब्याच्या जाड ठोकळ्यात वर्तुळाकार पोकळ्या, मध्यभागी तापणारा ऋणाग्र आणि बाहेर शक्तिशाली चुंबक, अशी त्याची रचना होती. बासरीच्या छिद्रावरून वाऱ्याचा झोत गेला की आतली हवा घुमू लागते. त्याचप्रमाणे चुंबकाच्या प्रभावाखाली फिरणारे इलेक्ट्रॉन या पोकळ्यांवरून जाताना त्यांत सूक्ष्मलहरी घुमू लागतात. या लहरींची लांबी दहा सेंटिमीटरच्या आसपास होती आणि शक्ती त्याआधीच्या साधनांच्या तुलनेत प्रचंड होती. विमानात मावेल इतके लहान आणि समुद्रावर डोकावणाऱ्या पाणबुडीचाही वेध घेईल इतके तीक्ष्ण रडार त्यामुळे शक्य झाले.

युद्धाच्या खाईत सापडलेल्या ब्रिटनने सप्टेंबर १९४० मध्ये हे गुपित अमेरिकेच्या स्वाधीन केले. अडचण होती ती उत्पादनाची. तांब्याचा अखंड ठोकळा अत्यंत अचूकपणे कोरून मॅग्नेट्रॉन बनवावा लागे. कुशल कारागिरांनाही त्यासाठी बराच वेळ लागत असे. स्पेन्सर यांनी हा नमुना सुटीच्या दिवसांत घरी नेऊन न्याहाळला आणि परतताना ते नवी पद्धत घेऊनच आले, असे सांगितले जाते. ठोकळा कोरत बसण्याऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्यांतून साच्याने हवा तसा आकार कापून घ्यायचा, असे अनेक काप एकावर एक रचायचे आणि भट्टीत डाख देऊन त्यांचा एकजीव ठोकळा करायचा, अशी ती पद्धत होती. कानशीच्या कामाची जागा ठोकयंत्राने घेतली. युद्धाच्या अखेरपर्यंत दिवसाला सुमारे २,६०० मॅग्नेट्रॉन तयार होऊ लागले आणि स्पेन्सर यांच्या विभागातील मूठभर माणसांची संख्या काही हजारांवर गेली. या कामगिरीबद्दल अमेरिकी नौदलाने त्यांना विशेष लोकसेवेचा सन्मान दिला. एकेकाळी त्याच नौदलात ते रात्रीच्या पहाऱ्यावर पुस्तके वाचीत उभे असत.

वितळलेल्या वडीची गोष्ट

१९४५ मध्ये एक दिवस स्पेन्सर प्रयोगशाळेत चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे होते. खिशातील वडी वितळून मऊ झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. ती चॉकलेटची होती असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. कुटुंबीयांच्या आठवणीनुसार ती शेंगदाण्यांची होती. चालू मॅग्नेट्रॉनजवळ ऊब जाणवते, हे त्यापूर्वीही अनेकांना ठाऊक होते. फरक एवढाच की ते हात झटकून पुढे गेले आणि स्पेन्सर थांबले.

त्यांनी मक्याचे दाणे मागविले आणि मॅग्नेट्रॉनसमोर धरले. दाणे फुटून लाह्या प्रयोगशाळेभर उडाल्या. त्यानंतर अंड्यावर प्रयोग झाला. अंड्याच्या आतील भाग कवचाआधी तापला, वाफेचा दाब वाढला आणि जवळून निरखणाऱ्या एका सहकाऱ्याच्या चेहऱ्यावर अंडे फुटले. या हास्यास्पद वाटणाऱ्या प्रसंगांतून स्पेन्सर यांनी महत्त्वाचा निष्कर्ष काढला. उष्णता बाहेरून आत शिरण्याची वाट न पाहता सूक्ष्मलहरी अन्नातील पाण्यालाच तापवीत होत्या. मग त्यांनी धातूची बंद पेटी तयार केली. लहरी एका मार्गाने आत सोडायच्या, भिंतींवर आपटून त्या परत आतच फिराव्यात आणि अन्नातच जिराव्यात, अशी योजना होती. ८ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि २४ जानेवारी १९५० रोजी ते मंजूर झाले.

'रडारेंज' नावाचा पहिला व्यावसायिक ओव्हन १९४७ मध्ये आला. त्याची उंची माणसाएवढी आणि वजन सुमारे ३४० किलो होते. मॅग्नेट्रॉन थंड ठेवण्यासाठी पाण्याची नळजोडणी लागे आणि किंमत काही हजार डॉलर होती. साहजिकच मोठी हॉटेले आणि जहाजांवरील भटारखाने हेच त्याचे ग्राहक ठरले. १९५५ मध्ये टॅपन कंपनीने घरगुती ओव्हन आणला, तोही १,२९५ डॉलरचा. सामान्य घराच्या ओट्यावर मावणारा आणि परवडणारा ओव्हन १९६७ मध्ये अमाना कंपनीने ४९५ डॉलरला बाजारात आणला. अमाना तेव्हा रेथिऑनच्याच मालकीची झालेली होती. भारतातील मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र रुळायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

ठिणगी का उडते?

स्पेन्सर यांच्या पेटीचे तत्त्व लक्षात घेतले की ओव्हनमधील ठिणगीचे कोडे सुटते. पेटीत शिरलेल्या ऊर्जेला कोठे तरी जिरायचे असते. अन्नातील पाणी हे तिचे योग्य ठिकाण. ते मिळाले नाही किंवा वाटेत चुकीचे ठिकाण मिळाले, तर ऊर्जा तेथे एकवटते आणि ठिणगी पडते.

घरगुती ओव्हनमधील लहरींची कंपनसंख्या २,४५० मेगाहर्ट्झ असते आणि त्यांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. या लहरी धातूवर पडल्या की धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन हलू लागतात. ओव्हनच्या भिंतींसारखा सपाट, जाड धातू लहरी परतवून लावतो आणि काहीही बिघडत नाही. परंतु काटेचमच्याचे टोक, चुरगळलेल्या फॉइलची घडी, कपबशीवरील सोनेरी किनार, पार्सलच्या डब्याला मारलेली पिन अशा पातळ किंवा टोकदार जागी विद्युत क्षेत्र दाटते. कोरड्या हवेची सहनशक्ती एका सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट इतकी असते. ती मर्यादा ओलांडली की हवाच वीजवाहक होते आणि आकाशातील विजेची इवलीशी प्रतिकृती ओव्हनमध्ये चमकते.

भांडे धातूचे नसतानाही ठिणग्या उडत असतील, तर संशयाचा पहिला रोख अभ्रकाच्या पत्र्याकडे असावा. बहुतेक ओव्हनमध्ये आतील भिंतीवर, सहसा उजव्या बाजूला, तपकिरी किंवा राखाडी रंगाचा पुठ्ठ्यासारखा दिसणारा चौकोनी तुकडा असतो. मॅग्नेट्रॉनकडून येणाऱ्या लहरी याच खिडकीतून आत येतात. अभ्रक लहरींना आरपार जाऊ देते. मात्र तेल, मसाला आणि वाफ मागे जाऊ देत नाही. मराठी घरांत ओव्हनचा एक आवडता उपयोग म्हणजे शेंगदाणे भाजणे. त्यांची तेलकट टरफले आणि भाजीच्या रश्श्याचे शिंतोडे या पत्र्यावर बसतात, तापतात आणि जळून कोळसा होतात. कोळसा वीजवाहक असतो. त्यामुळे तेथे ठिणगी पडते, ठिणगीने आणखी कोळसा होतो आणि त्याने आणखी मोठी ठिणगी पडते. काळी पडलेली तार पुढच्या बिघाडाला निमंत्रण देते, हा कागद गिरणीतील पाठ येथेही जसाच्या तसा लागू पडतो.

याखेरीज भिंतीवरील रंगाचा पोपडा उडून उघडा पडलेला किंवा गंजलेला पत्रा, ग्रिलच्या जाळीचे झिजलेले पाय, ती जाळी मायक्रोवेव्हच्या वेळी चुकून आतच राहणे आणि रिकामा ओव्हन चालविणे ही ठिणग्यांची नेहमीची कारणे आहेत. क्वचित अन्नही ठिणगी देते. गाजर किंवा ढोबळी मिरचीचे कोरडे तुकडे कधी कधी तडतडतात. द्राक्षाचे दोन भाग एकमेकांना चिकटून ठेवले असता त्यांच्यामध्ये तेजस्वी ज्वाळ उठते. पाण्याने भरलेली द्राक्षे लहरींना आपल्यात कोंडून घेतात आणि दोन द्राक्षांच्या स्पर्शबिंदूवर ऊर्जा एकवटते, असे स्पष्टीकरण कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. घरी हा प्रयोग करणे मात्र ओव्हनच्या जिवावर बेतणारे आहे.

घरी काय पाहावे, कोठे थांबावे

ठिणगी दिसताच ओव्हन बंद करावा. आत ज्वाळ दिसत असेल तर दार उघडू नये. हवा न मिळाल्याने आग लवकर विझते. बटण बंद करून प्लग काढावा आणि यंत्र थंड होऊ द्यावे.

त्यानंतर तपासणी क्रमाने करावी. प्रथम भांडे पाहावे. स्टीलची वाटी, सोनेरी-चंदेरी नक्षीची बशी, फॉइल, पिन किंवा तार यांपैकी काही असल्यास कारण तेथेच सापडले असे समजावे. भांडे निर्दोष असेल तर आतील भिंती, छत आणि फिरत्या काचेखालची जागा पाहावी. वाडगाभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून ते काही मिनिटे उकळू दिल्यास वाफेने डाग सुटतात. मग प्लग पुन्हा काढून मऊ ओल्या फडक्याने आतून पुसावे. तारेची घासणी वापरू नये. तिचे सूक्ष्म तुकडे मागे राहिले तर नव्या ठिणग्यांची सोय होते.

अभ्रकाच्या पत्र्यावर केवळ शिंतोडे असतील तर ते हळुवार पुसता येतात. पत्रा जळून काळा पडला असेल, त्याला भोक पडले असेल किंवा त्याचे पापुद्रे निघत असतील, तर तो बदलणे हाच उपाय. हा पत्रा स्वस्त असतो आणि सुट्या भागांच्या दुकानांत मिळतो. पुष्कळ ओव्हनमध्ये तो आतील बाजूनेच बदलता येतो. त्यासाठी यंत्रासोबतची माहितीपुस्तिका पाहावी. पत्रा काढून टाकून ओव्हन तसाच चालविणे चुकीचे आहे. भिंतीचा रंग उडाला असल्यास मायक्रोवेव्हच्या आतील भागासाठी मिळणारा खास रंगच लावावा आणि गंजाने भोक पडले असल्यास तो ओव्हन वापरातून काढावा.

स्वच्छतेनंतर पेलाभर पाणी काचेच्या किंवा चिनीमातीच्या साध्या भांड्यात ठेवून ओव्हन मिनिटभर चालवावा आणि दाराच्या जाळीतून पाहत राहावे. पाणी तापले आणि ठिणगी आली नाही, तर दोष डागांचा होता. पाणी असूनही ठिणगी येत असेल, तर दोष मॅग्नेट्रॉनच्या टोकाशी किंवा लहरींच्या नळीत असण्याची शक्यता असते. घरगुती तपासणी येथे संपते.

ओव्हनचे बाहेरचे कव्हर घरी कधीही उघडू नये. मॅग्नेट्रॉनला काही हजार व्होल्टचा दाब लागतो. तो पुरविणाऱ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही वीज साठून राहते आणि तिचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. टीव्ही किंवा मिक्सर दुरुस्तीचा अनुभव येथे पुरेसा नाही. ओव्हनसाठी तीन पिनांची, योग्य अर्थिंग असलेली जोडणी हवी. दार वाकडे झाले असेल किंवा नीट मिटत नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत यंत्र वापरू नये.

दोन डॉलरचे बक्षीस

एवढ्या मोठ्या शोधाबद्दल स्पेन्सर यांना काय मिळाले, याची उत्सुकता स्वाभाविक आहे. पेटंट कंपनीच्या नावे गेले. विकल्या गेलेल्या प्रत्येक ओव्हनमागे मानधन वगैरे काही त्यांना मिळाले नाही. प्रत्येक पेटंटसाठी संशोधक कर्मचाऱ्याला दोन डॉलर देण्याचा कंपनीचा रिवाज होता. तेवढे दोन डॉलर त्यांना मिळाले. शंभराहून अधिक पेटंट नावावर असलेल्या माणसाचा हा हिशेब आहे. ही तफावत नजरेआड करण्याजोगी नाही. अर्थात कंपनीने त्यांच्या गुणांची अन्य मार्गाने कदर केली. ते वरिष्ठ उपाध्यक्ष झाले आणि संचालक मंडळावरही गेले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने त्यांना विज्ञानाची मानद डॉक्टरेट दिली. शाळा सुटलेल्या त्या मुलाच्या नावापुढे अखेर पदवी लागली.

घरोघरी पोचणारा ओव्हन १९६७ मध्ये आला तेव्हा स्पेन्सर वृद्ध झाले होते. आपल्या पेटीचा खरा विस्तार पाहण्यास त्यांना अवघी तीन वर्षे लाभली. ८ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन येथे त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचा मरणोत्तर समावेश झाला.

ज्या मॅग्नेट्रॉनसाठी त्यांनी उमेद खर्ची घातली, तो आजही केवळ भात-भाजी गरम करीत नाही. जहाजांची रडार यंत्रे त्याच्या बळावर चालतात आणि कर्करोगावरील किरणोपचाराच्या अनेक यंत्रांतही तो असतो. महाराष्ट्राचाही या विद्येशी जवळचा संबंध आहे. मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'समीर' या केंद्रीय संस्थेने सूक्ष्मलहरींच्या क्षेत्रात संशोधन करीत देशी बनावटीची किरणोपचार यंत्रे विकसित केली.

मराठवाड्यातील गुणवंत विद्यार्थी दरवर्षी मोठ्या संख्येने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रवेश मिळवितात, याचा सर्वांना अभिमान आहे. त्याच गावांच्या बाजारपेठांत, यंत्रांच्या सुट्या भागांनी भरलेल्या लहान दुकानांतून, शाळा अर्धवट सोडलेली काही मुले मल्टिमीटर हाती धरून बसलेली असतात. बिघाड कोठे आहे, हे त्यांना हाताच्या सवयीने कळते. तो का झाला, हे सांगणारे पुस्तक मात्र त्यांच्या हाती सहसा कोणी ठेवीत नाही. हाउलंडच्या मुलाने ते पुस्तक स्वतः मिळविले आणि रात्रीच्या पहाऱ्यावर वाचून काढले. यांतील एखाद्या मुलाच्या हाती असे पुस्तक वेळेवर पडले, तर तोही उडालेल्या ठिणगीपाशी थांबून पुढचा प्रश्न विचारील.